दप्तर कोणाच्या मालकीचे?

मुदखेड जंक्शनवर सकाळी नांदेडकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहणाऱ्यांत भाजीवाले, फुलांच्या पाट्या घेतलेले शेतकरी, विद्यार्थी आणि नोकरदार यांच्या बरोबरीने आणखी एक वर्ग अलीकडे ठळकपणे दिसू लागला आहे. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दुमडून ठेवलेले कागद, आणि चेहऱ्यावर कोर्टात निघालेल्या माणसाची कळा. यातले बहुतेक जण कोर्टात जात नसतात. ते कागद शोधायला जात असतात. कुणाला आजोबांची जातीची नोंद हवी असते, कुणाला खासरा पत्रकाची नक्कल, कुणाला फेरफाराचा जुना उतारा, तर कुणाला मुलाच्या भरतीसाठी चारित्र्याचा दाखला. या माणसांना कागद देणारे सरकार आहे आणि त्यांच्याकडे कागद मागणारेही सरकारच आहे, ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातील विसंगती आपल्या कार्यकर्त्यांच्याही लक्षात येईनाशी झाली आहे. ती लक्षात आणून देण्यासाठी हा लेखनप्रपंच.

एका मुलीची हकीकत सांगतो. तिचे वडील वडार समाजाचे, खडी फोडण्याच्या आणि मातीकामाच्या मजुरीवर जगणारे. मुलगी हुशार, परिचारिका अभ्यासक्रमाला तिला विमुक्त जातींच्या राखीव जागेवर प्रवेश मिळाला. जातीचे प्रमाणपत्र होते. जात वैधता प्रमाणपत्र हवे होते. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख महत्त्वाची मानली जाते. त्या तारखेपूर्वी कुटुंब महाराष्ट्रात राहत होते आणि त्याच जातीचे होते, हे दाखवावे लागते. इतर मागासवर्गीयांसाठी हीच तारीख १३ ऑक्टोबर १९६७ आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० अशी आहे. मुलीचे आजोबा शाळेत गेले नव्हते. त्यांच्या नावावर कधी गुंठाभर जमीन नव्हती. ते जन्मले तेही कामाच्या पालावर. बाप मला म्हणाला, "सर, आमच्या बापाला गावच नव्हतं, तर गावचा दाखला मी कुठून आणू?" चाळीस वर्षे अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

या प्रश्नाच्या मुळाशी एक कायदेशीर तरतूद आहे. जातीची प्रमाणपत्रे देणे व पडताळणे यासंबंधीचा महाराष्ट्राचा अधिनियम २००० सालचा, म्हणजे २००१ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २३. त्याच्या आठव्या कलमानुसार जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. खोट्या प्रमाणपत्रांवर राखीव जागा बळकावण्याचे प्रकार झाले हे खरे, आणि त्यांना आळा बसावा म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली माधुरी पाटील खटल्यात पडताळणी समित्या व दक्षता पथके यांची चौकट घालून दिली. तिच्या हेतूविषयी वाद नाही. वाद आहे तो पुराव्याच्या ओझ्याविषयी. पुरावा ज्या कपाटात आहे त्याची किल्ली सरकारकडे, आणि ‘पुरावा आण’ असे फर्मान मात्र ज्याच्याजवळ कपाटच नाही त्याला. खासगी व्यवहारात एखाद्या सावकाराने पावती स्वतःच्या पेटीत ठेवून ऋणकोकडे पावतीची मागणी केली असती तर आपण त्याच्या दारात धरणे धरले असते.

मराठवाड्यात हे ओझे इतर महाराष्ट्रापेक्षा जड आहे, आणि त्याची कारणे इतिहासात आहेत. हैदराबाद संस्थानात १८८४ च्या सुमारास फारसीची जागा उर्दूने घेतली आणि पुढे १९४८ पर्यंत वरच्या दप्तराची भाषा तीच राहिली. गावपातळीवर मात्र मोडी लिपीतील मराठी चालू होती. कालगणना फसली सनाची. त्यात साधारणपणे ५९० मिळवले की इसवी सन निघतो. महिन्यांची नावे आजूर, दै, बहमन अशी. आमच्या वडिलांच्या पिढीला उर्दू सहज वाचता येई. त्यांचे शिक्षणच त्या भाषेत झाले. आमची पिढी मराठीत शिकली, आणि एका पिढीच्या अंतरात आजोबांचे दप्तर नातवाला परके झाले. मराठी शाळा मिळाली याचा आनंद आहेच. पण जुने दप्तर वाचणारी माणसे तयार करण्याची आणि त्याचे मराठीत रूपांतर करून ठेवण्याची जबाबदारी त्याच वेळी कोणीतरी उचलायला हवी होती. ती उचलली गेली नाही. आज मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांकडे लोक चकरा मारतात आणि त्यांच्या प्रत्येक ओळीचे मोल मोजतात.

दुसरे कारण सीमांचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी संस्थानाचे तीन तुकडे झाले तेव्हा माणसांबरोबर कागदांचीही फाळणी झाली. बीदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मराठी मुलखात आले. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके व बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ इकडे आले. राजुरा पुढे चांद्याला जोडला गेला. उलट देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल आणि मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे तिकडे गेली. १९८२ साली उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला. परिणामी आज लातूर जिल्ह्यातील उदगीरच्या माणसाचा १९५६ पूर्वीचा कागद उस्मानाबादेत नसतो, तो बीदरला असण्याची शक्यता असते, म्हणजे कर्नाटकात. किनवटच्या माणसाचा आदिलाबादला, म्हणजे तेलंगणात. आणि संस्थानाच्या वरच्या खात्यांचा हैदराबादेत तारनाक्याच्या राज्य पुराभिलेखागारात. मुदखेडचे स्वतःचे तालुकादप्तरही फार जुने नव्हे. तालुका होण्यापूर्वीचे कागद जुन्या तालुक्यांच्या ठिकाणी शोधावे लागतात. कोणता कागद कोठे आहे हे सांगणारी एखादी साधी पुस्तिका तहसीलच्या भिंतीवर टांगलेली असावी, अशी अपेक्षा करणे म्हणजे चंद्र मागणे नव्हे.

सरकारला हे दप्तर उघडताच येत नाही, असेही नाही. मनात आणले तर किती झपाट्याने उघडता येते याचे प्रात्यक्षिक आपण पाहिले आहे. २०२३ च्या सप्टेंबरात जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथील उपोषण आणि लाठीमारानंतर शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मराठवाड्यातील मराठा कुटुंबांच्या कुणबी नोंदी शोधणे हे तिचे काम. कोणत्या कागदांत शोध घ्यावयाचा याची यादी तयार झाली, आणि ती यादी हा माझ्या मते अलीकडच्या काळातील एक मोठा सामाजिक दस्तऐवज आहे. महसुलाकडील खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, १९५१ चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर. भूमी अभिलेख खात्याकडील पक्का बुक, क्लासर रजिस्टर. जन्ममृत्यूचा गाव नमुना १४. शाळांचे प्रवेश-निर्गम रजिस्टर. दुय्यम निबंधकाकडील खरेदीखते, भाडेचिठ्ठ्या, बटाईपत्रे, दत्तकपत्रे, मृत्युपत्रे. उत्पादन शुल्क खात्याच्या ताडीच्या नोंदवह्या. तुरुंगातील कच्च्या कैद्यांची रजिस्टरे. पोलीस ठाण्यांतील गाववारी, गोपनीय रजिस्टरे आणि अटक पंचनामे. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस शासनाने जाहीर केले की सुमारे १ कोटी ७२ लाख कागद तपासले गेले आणि त्यांत ११,५३० कुणबी नोंदी मिळाल्या. पुढे शोध राज्यभर वाढला, आणि २०२४ च्या जानेवारीत ५४ लाख नोंदींचा आकडा सांगण्यात आला. मोडी व उर्दू जाणणारे बोलावले गेले, कागदांच्या प्रतिमा जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे निघालेल्या निर्णयाने तर गावपातळीवर ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी व सहायक कृषी अधिकारी यांची समिती चौकशीसाठी नेमली.

कोणाला कोणत्या प्रवर्गात आरक्षण मिळावे हा या लेखाचा विषय नाही, आणि त्या प्रश्नावर आपल्याच पक्षात दोन मते आहेत हे मला ठाऊक आहे. मी लक्ष वेधतो आहे ते वेगळ्याच गोष्टीकडे. अवघ्या दोन महिन्यांत पावणेदोन कोटी कागद पाहता येतात, तर त्या वडाराच्या मुलीच्या आजोबांसाठी ते का पाहिले गेले नाहीत? तीच कपाटे, तेच गठ्ठे, तेच कारकून. ज्या समाजाच्या पाठीशी लाखांचा मोर्चा उभा राहतो त्याच्यासाठी राज्य स्वतः पुरावा शोधते. जो पालावर जगतो त्याला राज्य पुरावा शोधायला सांगते. मोर्चा काढणाऱ्यांचा यात दोष नाही; त्यांनी केले ते सर्वांसाठी व्हावे, एवढेच मागणे आहे.

त्या यादीतून दुसरी एक गोष्ट उघड होते, ती अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला अधिक अस्वस्थ करणारी आहे. महसुली दप्तर हे मुळात करवसुलीसाठी जन्मले. जो सारा भरतो त्याचे नाव तेथे. त्याच्या शेतात राबणाऱ्याचे नाही. १९५० च्या हैदराबाद कुळकायद्याने संरक्षित कुळांच्या याद्या झाल्या तेव्हा काही कसणारी माणसे प्रथमच कागदावर आली, पण सालगडी आणि रोजंदार त्याही वेळी बाहेरच राहिले. जमीनवाल्याच्या पणजोबाचे नाव खासरा पत्रकात सापडते. भूमिहीनाचा पणजोबा कोठे सापडतो? शाळेच्या रजिस्टरात नाही, कारण तो शाळेत गेला नाही; खरेदीखतात नाही, कारण त्याने काही विकत घेतले नाही. नशीब असेल तर तो ताडीच्या परवान्यात किंवा कच्च्या कैद्यांच्या रजिस्टरात भेटतो. इंग्रजी मुलखात ज्या जमातींना १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरविले आणि १९५२ साली ज्यांची त्या कलंकातून कायद्याने सुटका झाली, त्यांच्या वंशजांना तर विमुक्त असल्याचा पुरावा म्हणून पूर्वजाच्या अटकेचा पंचनामा शोधावा लागतो. या देशात गरिबाचा इतिहास पोलिसांनी लिहिला, दुसऱ्या कोणी नाही.

संगणकीकरणाचेही तसेच झाले आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आज १५ रुपयांत घरबसल्या मिळतो, आणि ही सोय चांगली आहे याबद्दल दुमत नाही. पण जमिनीचा कागद आधी यंत्रावर का चढला? बँकेला तारण हवे, बाजाराला व्यवहार हवा, सरकारला महसूल हवा. शाळेचे १९५३ सालचे रजिस्टर कोणाचेही तारण नाही. म्हणून ते लोखंडी पेटीत, पेटी मुख्याध्यापकांच्या खोलीत, आणि खोलीला पावसाळ्यात गळती.

कागदाची किंमत आम्ही अर्थशास्त्राचे लोक निराळी मोजतो. माहितीच्या अधिकारात एका पानाची नक्कल २ रुपयांना मिळते, ही सरकारी किंमत. मजुराला ती पडते एका खाड्याला, म्हणजे दिवसाच्या मजुरीला, आणि जाण्यायेण्याच्या भाड्याला. साहेब बैठकीला गेले तर दुसऱ्या खाड्याला. तिसऱ्या खेपेला कार्यालयाच्या बाहेर, टंकलेखनाच्या टेबलाशेजारी, ‘तुमचं काम करून देतो’ म्हणणारा भेटतो आणि त्याचा दर हा त्या न झालेल्या चौथ्या व पाचव्या खेपेचा हिशेब करूनच ठरलेला असतो. दलालाला दोष देऊन काही साधत नाही. जेथे माहितीची टंचाई असते तेथे तिचा काळा बाजार होणारच. रेशनच्या काळात हे आपण गव्हासाखरेच्या बाबतीत शिकलो होतो.

मलाही याचा अनुभव आहे. निवृत्तीनंतर वडिलोपार्जित चार एकरांच्या खासरा पत्रकाची नक्कल मागायला एका कार्यालयात गेलो. ‘ते वर्ष वाळवीनं खाल्लं’ असे उत्तर मिळाले. मी रीतसर अर्ज दिला, नमुना ‘अ’ मध्ये, १० रुपयांचा न्यायालयीन मुद्रांक लावून. आणि ‘वाळवीने खाल्लेल्या कागदांच्या पंचनाम्याची प्रत द्यावी’ अशी एक ओळ जोडली. एकविसाव्या दिवशी नक्कल घरी आली. वाळवीला प्रकाश सोसत नाही, एवढे प्राणिशास्त्र मला त्या दिवशी कळले. पण हेही सांगितले पाहिजे की मी प्राध्यापक होतो, मला निवृत्तिवेतन होते आणि एकवीस दिवस थांबणे मला परवडत होते.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी काही गोष्टी हाताच्या बोटांवर ठेवाव्यात. १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अंमलात आलेल्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात अर्जदाराला कारण विचारता येत नाही. अर्ज चुकीच्या कार्यालयात पडला तर पाच दिवसांत तो योग्य ठिकाणी पाठविणे हे त्या कार्यालयाचे काम आहे. ‘आमच्याकडे नाही, तिकडे जा’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर तो नकारच समजावयाचा, त्यानंतर तीस दिवसांत पहिले अपील, आणि त्याचा निकाल लागला किंवा मुदत टळली की नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. मुदत उलटल्यावर दिलेली माहिती फुकट द्यावी लागते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला शुल्क नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. तेव्हा आपल्या भाषणांच्या सवयीला येथे मुरड घालावी लागेल. आणि ‘संचिका गहाळ’ हे उत्तर आले तर घाबरू नये. माहिती नाकारण्याच्या कारणांत गहाळ होणे हे कारण कायद्याने कोठेही दिलेले नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केले आहे. शिवाय महाराष्ट्राचा स्वतःचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ सालापासून आहे. अभिलेखाची बेकायदा विल्हेवाट लावणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा त्यात आहे. हा कायदा अर्जात नावाने लिहिला तरी पुष्कळ संचिका परत सापडतात.

याहून सोपा आणि फारच थोड्यांना ठाऊक असलेला एक मार्ग आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात सामान्य प्रशासन विभागाने निर्णय काढला की जिल्हा पातळीवरील व त्याखालील कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत. पुण्याच्या महापालिकेत आधी ही प्रथा पडली होती. किती कार्यालयांच्या फलकावर हे लिहिलेले आहे, हे प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्याने येत्या सोमवारी जाऊन पाहावे. माहितीच्या अधिकाराची चळवळ राजस्थानातल्या मजुरांनी हजेरीपट आणि बिले पाहायला मागितली तेथून सुरू झाली, दिल्लीच्या परिसंवादांतून नव्हे. १९७२ च्या दुष्काळाने ज्यांना खडी फोडायला लावले आणि ज्यांच्या हजेरीपटावरच्या खोट्या अंगठ्यांविरुद्ध आपण लढलो त्या महाराष्ट्राला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता दुसरी बाजू. कागद उघडे करा असे आपण म्हणतो तेव्हा कोणाचे कागद, कोणासाठी, हे सांगितले पाहिजे. ज्या गोपनीय रजिस्टरात एखाद्या पारध्याच्या आजोबांचे नाव संशयित म्हणून आहे, ते रजिस्टर नातवाला पुरावा म्हणून मिळालेच पाहिजे. पण ते घरमालकाला, मालाच्या ठेकेदाराला किंवा सोयरीक जुळविणाऱ्याला चाळायला मिळता कामा नये. पैसे घेऊन माणसाची पूर्वपीठिका काढून देण्याचा धंदा आता शहरांत चांगला बोकाळला आहे, आणि त्यात भरडला जातो तो नोकरी शोधणारा गरीबच. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपण हा मूलभूत अधिकार मानला, त्याचे आपण स्वागत केले आणि करावे.

भरतीचा विषय निघाला म्हणून आपल्याच तरुणांना एक इशारा. मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. ते रोज पाहणाऱ्या या भागातील मुलांना त्या वर्दीची ओढ असते. अर्जात ‘गुन्हा दाखल आहे का’ असा रकाना असतो, आणि मोर्चात जमावबंदी मोडल्याची नोंद मुलगा विसरून जातो. २०१६ साली अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की किरकोळ स्वरूपाच्या प्रकरणात अधिकाऱ्याने तारतम्य बाळगावे. पण लपविणे हा स्वतंत्र दोष ठरू शकतो. तेव्हा खटला मागे घेतल्याच्या किंवा निर्दोष सुटल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत प्रत्येकाने त्याच वेळी घेऊन ठेवावी. आंदोलनाचे श्रेय पुढाऱ्याकडे आणि आंदोलनाचा कागद पोराच्या कपाळी, असे आपल्याकडून घडलेले आहे.

खासगीपणाच्या नावावर जे झाले त्याचा मात्र स्वतंत्र विचार केला पाहिजे. माहितीच्या कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये पूर्वी असे होते की वैयक्तिक माहिती सार्वजनिक कामाशी संबंधित नसेल किंवा तिने विनाकारण खासगीपणाचा भंग होत असेल, तरच ती नाकारावी. आणि जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही. हे परंतुक माझ्या दृष्टीने त्या कायद्याचे हृदय होते. २०१२ साली गिरीश देशपांडे खटल्याच्या निकालाने अधिकाऱ्यांची सेवापुस्तके व मालमत्तेचे तपशील वैयक्तिक ठरवून त्या हृदयाला पहिला धक्का दिला. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ याच्या कलम ४४(३) ने तर कसोटी आणि परंतुक दोन्ही पुसून टाकून एवढेच ठेवले की वैयक्तिक माहिती देण्याचे बंधन नाही. ही दुरुस्ती २०२५ च्या नोव्हेंबरात अंमलात आली. सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते, हे कलम ८(२) अजून शिल्लक आहे आणि यापुढे प्रत्येक अर्जात ते लिहावे लागेल. पण पूर्वी नकाराचे समर्थन कार्यालयाने करावयाचे होते. आता हिताचे समर्थन अर्जदाराने करावयाचे.

म्हणजे पाहा. वडाराच्या मुलीला परिचारिका व्हायचे आहे तर तिच्या पणजोबापर्यंत चौकशी. दक्षता पथक घरी येऊन कुलदैवत कोणते, लग्नात चाली काय, बोली कोणती असे विचारणार. आणि ज्या ठेकेदाराने शाळेची खोली बांधली व ती दोन पावसांत गळू लागली, त्याला ते काम कोणी, कोणत्या अनुभवाच्या दाखल्यावर दिले, हे विचारले तर ‘वैयक्तिक माहिती’. निवडणूक लढविणाऱ्यांच्या गुन्ह्यांची व मालमत्तेची शपथपत्रे आपल्याला पाहता येतात ती सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निकालांमुळे. विधिमंडळांनी आपण होऊन ती दिली नव्हती, उलट ती रोखण्याचा कायदाही करून पाहिला होता.

आपल्या पक्षाने या प्रश्नावर तीन मागण्या घेऊन उभे राहावे असे मला वाटते. शिंदे समितीसाठी जे कागद तपासले गेले त्यांतील केवळ एका जातीच्या नव्हे तर सर्व जातींच्या नोंदींची गाववार सूची करावी. कलम ४ नुसार सूची करणे हे सरकारचे कर्तव्य २००५ पासूनच आहे आणि श्रम तर अर्धे आधीच झाले आहेत. सूची शोधणाऱ्याच्या हाती पडावी ती त्याच्या स्वतःच्या घराण्यापुरती. दुसरी मागणी, भूमिहीन आणि भटक्या कुटुंबांच्या बाबतीत कागद शोधण्याची जबाबदारी समितीच्या दक्षता पथकावर टाकावी. त्यांना वाहन आहे, ओळखपत्र आहे, आणि बीदर-आदिलाबादला लिहिण्याचा अधिकार आहे. तिसरी दिल्लीकडची: कलम ८(१)(ञ) चे परंतुक परत आणावे. यांपैकी पहिल्या मागणीला पैशाची सबब सांगितली जाईल. दोन महिन्यांत पावणेदोन कोटी कागद तपासताना ती कोणी सांगितल्याचे ऐकिवात नाही.

त्या मुलीचे काम अजून संपलेले नाही. आजोबांचा कागद मिळाला नाही, पण त्यांच्या चुलतभावाने रेल्वेच्या खडीच्या कामावर असताना किनवट तालुक्यातल्या एका शाळेत १९५३ साली वर्षभर हजेरी लावली होती, असे एका म्हातारीच्या बोलण्यातून कळले. शाळा पुढे दुसरीत विलीन झाली आणि तिची रजिस्टरे शिक्षण खात्याच्या तालुक्याच्या कार्यालयात गेली. तेथून आलेल्या उताऱ्यात जात ‘वड्डर’ अशी आहे, प्रमाणपत्रावर ‘वडार’. या एका जोडाक्षरासाठी मूळ पानाची साक्षांकित प्रत हवी आहे. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. येत्या सोमवारी दुपारी तीनपूर्वी आम्हांला किनवट गाठायचे आहे. आदिलाबादकडची गाडी मुदखेडहूनच मिळते. बापाला म्हटले, तुम्ही नाही आलात तरी चालेल, मी मुलीला घेऊन जाऊन येतो. तो म्हणाला, "खाडा पडला तर पडू द्या सर, बापाच्या भावाचं नाव लिहिलेलं मला एकदा डोळ्यांनी बघायचंय."